नाशिकमध्ये एनसीसी आणि सैनिकी प्रशिक्षण: आठवीपासून एसएसबीपर्यंतची वाट

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या सोसायटीतलं कोणी ना कोणी दारात येतं. "पोराला आर्मीत जायचंय म्हणतो, कुठली अकॅडमी चांगली?" मी आधी उलट दोनच गोष्टी विचारतो. जन्मतारीख काय, आणि आत्ता कितवीत आहे? सैनिकी प्रशिक्षणाच्या बहुतेक दारांना वयाची किंवा इयत्तेची अट असते. अकॅडमी पैसे भरून कधीही मिळते, पण एनसीसीत नाव नोंदवायचं वर्ष गेलं की गेलं. बारावी झालेली, अंगाने तयार, पळायला तरबेज अशी कितीतरी मुलं मी बघितली आहेत. त्यांना आठवीत किंवा अकरावीत कुणी सांगितलंच नव्हतं की बाबा रे, त्या अमुक खोलीत जाऊन नाव दे.

मी कॉलेजात तीन वर्षं एनसीसीचा कॅडेट होतो, 'सी' या शेवटच्या प्रमाणपत्रापर्यंत पोचलो. आता नात्यातल्या आणि ओळखीतल्या मुलामुलींना फॉर्म भरायला मदत करतो. त्यांना तोंडी सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय.

नाशिकच्या मुलाला लष्कर काही परकं नाही. देवळालीत स्कूल ऑफ आर्टिलरी (तोफखान्याची शाळा) आहे, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर आहे, गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक तयार होतात, ओझरला विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल आहे. पण ही ठिकाणं भरती झालेल्यांची आणि नोकरीतल्यांची. शाळकरी पोराला तिथे जाऊन "मला शिकवा" म्हणता येत नाही. त्याच्यासाठी वाटा वेगळ्या आहेत.

आधी वय आणि इयत्ता जुळवा

मूल पाचवीत असेल तर सैनिक स्कूलचा विचार आत्ताच करा. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ सालचं, देशातलं पहिलं. प्रवेश सहावीला आणि नववीला मिळतो, त्यासाठी अखिल भारतीय प्रवेश परीक्षा असते. सहावीसाठी मूल ३१ मार्चला १० ते १२ वर्षांचं हवं, नववीसाठी १३ ते १५ वर्षांचं. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजला आठवीत प्रवेश मिळतो. त्याची परीक्षा वर्षातून दोनदा होते, आपल्याकडे ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते आणि आता मुलीही ती देऊ शकतात. जागा अगदी मोजक्या असतात, तेव्हा फक्त त्याच एका परीक्षेच्या भरवशावर राहू नका.

घराजवळच हवं असेल तर भोसला मिलिटरी स्कूल आहेच. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली सुरू केलेली ही शाळा. शाळेचा रामभूमी परिसर, तिथली मैदानं आणि घोडे नाशिककरांना माहीत आहेत. शाळा निवासी आहे, म्हणून फी आणि वसतिगृहाचा खर्च आधी नीट विचारून घ्या. मुलाला घरापासून दूर राहणं जमेल का, हे मात्र त्याच्याशी बोलूनच ठरवा. दहा वर्षांचं मूल आईवडिलांच्या हौसेसाठी वसतिगृहात ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत सैनिकी प्रशिक्षणाचं शिबिरही होतं. शाळा न बदलता मुलाचा कल बघायचा असेल तर आधी ते करून बघा.

आठवी-नववीत असाल, किंवा अकरावीला किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणार असाल, तर पुढचा भाग तुमच्यासाठी. बहुतेकांची वाट इथूनच जाते.

एनसीसी: तुमच्या शाळेत-कॉलेजात आहे का, ते प्रवेशाआधी बघा

राष्ट्रीय छात्र सेना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. शाळेत ज्युनियर डिव्हिजन असते (मुलींची ज्युनियर विंग), कॉलेजात सीनियर डिव्हिजन आणि सीनियर विंग. ज्युनियरसाठी वयाची अट असते, ती शाळेत विचारा. लोक हमखास विचारतात म्हणून आत्ताच सांगतो, एनसीसीत गेलं की फौजेत जावंच लागतं असं अजिबात नाही. तसं कोणतंही बंधन नसतं.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की तुम्ही ज्या संस्थेत शिकता तिथेच युनिट असावं लागतं. शेजारच्या कॉलेजात एनसीसी आहे म्हणून तिथे जाऊन परेड करता येत नाही. केटीएचएम, एचपीटी-आरवायके, भोसला मिलिटरी कॉलेज अशा कॉलेजांत एनसीसी आहे, बाकीच्यांची चौकशी त्या त्या ऑफिसात करा. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पसंतीक्रम भरताना आपण कटऑफ बघतो, बसचा रूट बघतो. त्यातच एनसीसी आहे की नाही हाही एक रकाना धरा. नंतर कॉलेज बदलणं फार त्रासाचं.

शाळेत एनसीसी नसेल आणि आरएसपी (रस्ता सुरक्षा दल), एमसीसी (महाराष्ट्र छात्र सेना) किंवा स्काऊट-गाईड असेल तर त्यात जरूर जा. सावधान-विश्राम तिथेही तेच, रांगेची शिस्त तीच. फक्त पुढे लष्करात आणि भरतीत ज्या प्रमाणपत्रांना वजन असतं ती एनसीसीची.

निवडीचा दिवस

जागा मोजून असतात. कॉलेजच्या एका कंपनीत साधारण १६० कॅडेट, शाळेच्या एका ट्रूपमध्ये १००. यात जुन्या वर्षांची मुलंही धरलेली असतात, म्हणजे दरवर्षी नवीन जागा थोड्याच निघतात. प्रवेश सुरू झाले की नोटीस लागते. ती लागायची वाट बघत बसू नका. एनसीसीची खोली शोधा, तिथल्या सीनियर कॅडेटला गाठा आणि निवड कधी आहे ते विचारा. कॉलेजातल्या ज्या प्राध्यापकांकडे युनिट असतं त्यांना एएनओ म्हणतात, असोसिएट एनसीसी ऑफिसर. शेवटी शब्द त्यांचा.

निवडीत पळायला लावतात, उंची-वजन बघतात, थोडे पुशअप्स, कधी छोटा लेखी पेपर आणि चार प्रश्न. "एनसीसीत का यायचंय?" हा प्रश्न ठरलेला. पाठ केलेलं देशप्रेमाचं भाषण देऊ नका, खरं ते सांगा. माझ्या भाचीने सांगितलं होतं, "सर, मला लोकांसमोर बोलायची भीती वाटते, ती घालवायचीय." तिची निवड झाली.

महिनाभर आधी पळायला लागलात तरी पुरतं. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे साडेपाचला जा, भरतीची तयारी करणारी पोरं तिथे रोज दिसतील. त्यांच्या वेगाने पळायला जाऊ नका. पहिला आठवडा चाला आणि पळा, पुढे न थांबता पळण्याचं अंतर हळूहळू वाढवा. पांडवलेणीच्या पायऱ्या आठवड्यातून एकदा चढा, दम सुधारतो.

कागदपत्रं

नावनोंदणी आता ऑनलाइन पोर्टलवर होते, तरी कागद सगळे हातात लागतात. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, पालकांची संमती, फोटो आणि रक्तगट.

यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, ती म्हणजे नावाचं स्पेलिंग. आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, बँकेत तिसरं असं चालत नाही. माझ्या 'बी' प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. मी तेव्हा म्हटलं, जाऊ दे, कोण बघतंय. पदवीनंतर एका ठिकाणी कागद तपासताना नेमकं तेच निघालं आणि दुरुस्तीच्या फेऱ्यांत माझे चार महिने गेले. फॉर्म सबमिट करायच्या आधी दहावीच्या मार्कशीटशी एकेक अक्षर ताडून बघा. आधार वेगळं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

बँक खातंही स्वतःचं आणि चालू असू द्या, कारण गणवेशाचा भत्ता थेट खात्यात येतो.

पहिले तीन महिने: पाय, बूट आणि बेरेट

पहिल्या परेडला सगळ्यांचीच तारांबळ उडते. आज्ञा हिंदीत असतात: सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल, थम. शिकवायला बटालियनचे हवालदार किंवा सुभेदार साहेब येतात. ते पर्मनंट इन्स्ट्रक्टर, मुलं त्यांना 'उस्ताद' म्हणतात. आवाज चढा असतो, पण तो मनाला लावून घ्यायचा नाही. दुसऱ्या महिन्यात तेच उस्ताद तुमचा कॉलर सरळ करून देतात.

ड्रिल घरीही सुधारता येते. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या आणि पंज्यांमध्ये ३० अंशांचा कोन. मुठी बंद, अंगठा पुढे, पँटच्या शिवणीला चिकटलेला. विश्राममध्ये डावा पाय १२ इंच डावीकडे. तेज चलला पाऊल ३० इंचांचं आणि मिनिटाला १२० पावलं. आम्ही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खडूने ३०-३० इंचांवर रेघा मारल्या होत्या आणि मोबाईलवर ठोका लावून संध्याकाळी चालायचो. वॉचमनकाका आधी हसले. आठवड्याने तेच म्हणाले, "तिसऱ्या पोराचा हात वाकतोय." आणि खरोखरच वाकत होता. तेज चलमध्ये कोपर वाकलं की लांबूनही दिसतं.

बूट नवे असताना थेट परेडला घालून गेलात तर दोन तासांत टाचेला फोड येतो आणि पुढचे दोन रविवार वाया जातात. आठवडाभर रोज संध्याकाळी घरातच अर्धा तास बूट घालून फिरा. मोजे जाड आणि कोरडे. टाचेला आधी थोडं खोबरेल चोळा. फोड आलाच तर फोडू नका, झाकून ठेवा आणि उस्तादांना सांगा. लपवून लंगडत परेड करण्यात काही शौर्य नाही.

बूट चकाकवायचे तर ब्रशने भागत नाही. टोकावर पॉलिशचा पातळ थर द्या, मग कापसाच्या बोळ्याला थेंबभर पाणी लावून बारीक गोल गोल फिरवत राहा. पहिल्या दिवशी हाताला कळ लागते आणि चमक काही येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी टोकात ट्यूबलाइटची रेघ दिसायला लागते. बेरेट नवी असताना डोक्यावर तव्यासारखी बसते. ती कोमट पाण्यात भिजवून, पिळून, डोक्यावरच वाळू द्यायची. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर ठेवायचा आणि कापड उजवीकडे खाली ओढायचं. गणवेशाला इस्त्री आदल्या रात्रीच करा. रविवारी सकाळी साडेसहाला नेमकी लाइट जाते.

मुलांनो, केस बारीक. मुलींनी अंबाडा घट्ट बांधायचा, जाळी लावायची. आदल्या दिवशी एकदा बांधून, वर बेरेट घालून आरशात बघा, कारण अंबाडा फार वर बांधला तर बेरेट बसतच नाही.

वर्गात नकाशा वाचन, शस्त्र प्रशिक्षण, प्रथमोपचार, आपत्ती व्यवस्थापन असे विषय असतात. बहुतेकांना नकाशाची धास्ती वाटते. ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकटींवरून जागेचा आकडा) सांगताना आधी ईस्टिंग, म्हणजे पूर्वेकडे वाढणारा आकडा, मग नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडे वाढणारा, एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धी भीती जाते. वही नीट ठेवा, प्रमाणपत्राच्या परीक्षेत तीच कामाला येते.

शिबिर

प्रमाणपत्रासाठी दोन गोष्टी लागतात: परेडची ७५ टक्के हजेरी आणि शिबिर. आवडीच्या तासांना येऊन हजेरी भरत नाही. आजारी पडलात तर डॉक्टरांचा कागद आणून द्या, तोंडी सांगू नका.

वार्षिक शिबिर साधारण दहा दिवसांचं असतं. जागा आणि तारखा बटालियन ठरवते. पहाटे उठणं, पीटी, ड्रिल, फायरिंग, वर्ग, खेळ, संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम, रात्री हजेरी. जेवायचं ताट आणि चहाचा मग स्वतःचा, धुवायचंही स्वतः. सोबत टॉर्च, कुलूप, सुईदोरा, दोन जोड जास्तीचे मोजे, ओडोमॉस आणि रोजची औषधं घ्या. शिबिर डिसेंबर-जानेवारीत असेल तर नाशिकच्या पहाटेची थंडी गृहीत धरा, आतून घालायला गरम बनियन लागतोच. मोबाईल बहुतेक वेळ जमा करून घेतात. आईबाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी घरचे सगळे काळजीत.

फायरिंगचा दिवस मुलं विसरत नाहीत. .२२ रायफल असते, जमिनीवर लेटून चालवायची. भाची सांगत होती, पहिल्या गोळीला तिने डोळे मिटून घेतले होते. तिथले उस्ताद शेजारी बसून म्हणाले, "बेटा, साँस आधी छोडो, फिर रोको." अर्धा श्वास सोडून थांबायचं आणि ट्रिगर झटक्याने न ओढता सावकाश दाबत न्यायचा. दुसरी गोळी तिने तशीच मारली आणि ती टार्गेटला लागली. रेंजवर आज्ञेशिवाय रायफलला हात लावायचा नाही आणि नळीचं तोंड कायम टार्गेटकडेच ठेवायचं. हे नियम मोडणाऱ्याला उस्ताद तिथल्या तिथे बाहेर काढतात, आणि ते योग्यच आहे.

चांगलं काम करणाऱ्यांना पुढची शिबिरं मिळतात. 'एक भारत श्रेष्ठ भारत'मध्ये दुसऱ्या राज्यातली मुलं भेटतात, थल सैनिक कॅम्प स्पर्धेचा असतो, आणि दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराची निवड तर टप्प्याटप्प्याने महिनोन्महिने चालते. त्यात अभ्यास मागे पडतो, हे घरच्यांनी आणि मुलांनी आधीच समजून घ्यावं.

ए, बी, सी आणि त्यांचा उपयोग

शाळेच्या दोन वर्षांनंतर 'ए', सीनियरच्या दोन वर्षांनंतर 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी'. अकरावीत नाव घातलंत तर बारावीपर्यंत 'बी'चा हिशोब बसतो, पण बारावीचं वर्ष सांभाळावं लागतं. एफवायला घातलंत तर टीवायला 'सी' मिळतं. एसवायला जागे झालात तर 'सी' पदवीच्या आत बसत नाही. सुरुवातीला वर्षाचं एवढं महत्त्व सांगितलं ते यासाठी.

'सी' प्रमाणपत्रात किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील तर १९ ते २५ वयाच्या अविवाहित मुलामुलींना लष्कराची एनसीसी स्पेशल एन्ट्री खुली आहे. तिथे लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची मुलाखत. अग्निवीर भरतीत एनसीसीला बोनस गुण आहेत. केंद्रीय दलांच्या कॉन्स्टेबल भरतीत 'सी'ला ५, 'बी'ला ३ आणि 'ए'ला २ टक्के जादा गुण मिळतात. एकेका गुणावर यादी अडते तिथे हे थोडे नाहीत.

नाशिकमधल्या दोन सरकारी संस्था, ज्या शेजाऱ्यांनाही माहीत नसतात

पहिली, मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) दारं मुलींना उघडल्यावर राज्य सरकारने २०२३ मध्ये ती नाशिकमध्ये सुरू केली. दहावीनंतर निवड होते आणि अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी करून घेतात. म्हणजे अर्जाचं बघायचं दहावीत असतानाच, निकालानंतर नाही. मुलांसाठी अशीच संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला ३०० गुण आहेत, म्हणून आठवी-नववीपासून गणित सोडू नका, विशेषतः मुलींनी. "पोरीला कशाला एवढं गणित" हे वाक्य आजही काही घरांत ऐकतो तेव्हा वाईट वाटतं.

दुसरी, नाशिकरोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र. पदवीधरांसाठी सीडीएस परीक्षेची (सैन्यात अधिकारी होण्याची लेखी परीक्षा) आणि एसएसबीची तयारी इथे राज्य सरकार मोफत करून घेतं, राहणं-जेवण धरून. एसएसबीचा वर्ग साधारण दहा दिवसांचा असतो. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र ए किंवा बी ग्रेडमध्ये असेल आणि एनसीसीच्या ग्रुप हेडक्वार्टरने शिफारस केलेली असेल, तर त्या आधारावरही एसएसबीच्या वर्गाला प्रवेश मिळू शकतो. चौकशी आणि मुलाखत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. जाताना सैनिक कल्याण विभागाच्या वेबसाइटवरची चेकलिस्ट छापून, भरून आणि मूळ कागद घेऊनच जा. ती नसली की परत पाठवतात.

खासगी अकॅडमीत जायचंच असेल तर

सगळ्या वाईट असतात असं नाही. पण पैसे भरण्याआधी एकदा सकाळी सहाला सांगितल्याशिवाय मैदानावर जाऊन उभे राहा. शिकवणारा कोण आहे, खरंच सैन्यात किंवा पोलिसात होता का, ते विचारा. एका बॅचमध्ये किती मुलं आहेत ते मोजा. वसतिगृहाचं जेवण स्वतः एकदा जेवून बघा. मुलगी असेल तर राहायच्या जागी महिला वॉर्डन आहे का, रात्री कोण असतं, हे आईने स्वतः विचारावं. फीची पावती घ्या आणि मध्येच सोडलं तर पैसे परत किती मिळतात ते त्याच पावतीवर लिहून मागा. अग्निवीरची शारीरिक चाचणी म्हणजे १.६ किलोमीटर धावणं, पुलअप्स, ९ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. यातलं सगळं मैदानावर मोफत होतं, पुलअप्सचा बार आणि एक पट्टीचा सोबती मिळाला की झालं. आणि "आत ओळख आहे, सिलेक्शन करून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठून बाहेर या, आणि पालकांनी त्याची पोलिसांत तक्रार करावी.